नाताळची भेट जुनी द्या, पण दुरुस्त करून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आणि कोठीतून जे खाली उतरतं, ते आमच्या भागात दोन वाटांनी जातं. पितळ-तांबं धनत्रयोदशीला भांड्यांच्या दुकानात मोडीत निघतं आणि उरलेलं भंगारवाल्याच्या गाडीवर चढतं. त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्याला तालुक्याच्या गावची भंगाराची दुकानं गुंड, घंगाळं, शिलाई मशिनी, सायकली यांनी भरलेली असतात. पुढे पाच-सहा आठवड्यांत नाताळ येतो. अचलपूर, परतवाडा, चिखलदरा, खामगाव, अकोला या बाजूच्या ख्रिस्ती घरांत, आणि हल्ली शेजारधर्म म्हणून इतरांच्या घरांतही, भेटवस्तूंची खरेदी सुरू होते ती आठवडी बाजारातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांपाशी. ती खेळणी नववर्षापर्यंतही टिकत नाहीत. आणि त्याच बाजाराच्या टोकाला पन्नास वर्षं चाललेली आणि अजून पन्नास वर्षं चालेल अशी वस्तू किलोच्या भावाने वितळायला निघालेली असते.

ती वस्तू तिथून उचला आणि नाताळला द्या, हे आमचं आग्रहाचं सांगणं. अट एकच. ती दुरुस्त करून, चालत्या स्थितीत द्या. दुरुस्ती न करता दिलेली जुनी वस्तू म्हणजे आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणं, आणि घेणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं.

पितळी भांड्यापासून सुरुवात करू, कारण आपल्या विदर्भात भंडाऱ्यासारखं पितळेच्या कामासाठी नावाजलेलं गाव आहे आणि जुनं भांडं अजून बहुतेक घरांत सापडतं. दुकानात जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आणि वरून मुलामा आहे असं समजा. मग भांडं काठाला दोन बोटांनी उचलून टिचकी मारा. अखंड भांडं घुमतं, चीर असलेलं भद्द बोलतं. चीर डोळ्यांना दिसतेच असं नाही, म्हणून शक्य असेल तर रात्रभर पाणी भरून कोरड्या कागदावर ठेवा. गोठ्यात किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी वर्षानुवर्षं पडलेलं पितळ विशेष जपून घ्या. मूत्रातून आणि खतातून निघणारा अमोनिया पितळेला आतून तडकवतो. ब्रिटिश अमदानीत फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवली की तडकत, त्याचं कारणही हेच निघालं होतं. असं भांडं वरून धडधाकट दिसतं आणि कल्हईच्या भट्टीवर चढलं की उकलतं.

आणखी दोन खुणा पाहाव्यात. पिवळ्या पितळेत तांबूस चट्टे असतील तर तिथला जस्ताचा अंश निघून गेलेला असतो आणि पत्रा ठिसूळ झालेला असतो. बुडाला किंवा सांध्यावर करड्या रंगाची रेघ दिसली तर तिथे डाग देऊन, म्हणजे धातू वितळवून, सांधलेलं आहे. जुन्या डागकामात कथलाबरोबर शिसं असतं. असं भांडं फुलं ठेवायला द्या, स्वयंपाकाला देऊ नका.

साफ करताना लोक घाई करतात आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड ओततात. पाच मिनिटांत भांडं लख्ख झाल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, कारण अ‍ॅसिडने वरचं जस्त खाल्लेलं असतं. मूठभर चिंच कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून तिच्यात दोन चमचे मीठ घाला, त्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच फडक्याने कोरडं करा. ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी काळे ठिपके पडतात. पॉलिशच्या चाकावर मात्र सरसकट लावू नका. काठाखाली बारीक ठिपक्यांनी ठोकलेलं नाव असतं, कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते, कधी तिथीसकट. ते नाव घासून काढणं आम्हाला पटत नाही. भांड्यांच्या दुकानात त्याच्याखाली नव्या माणसाचं नाव आणि '25 डिसेंबर' एवढं ठोकून घ्या. पण ठोकलेलं नाव एखाद्या मंदिराचं, समाजाचं किंवा पंचायतीचं असेल तर भांडं तिथेच ठेवा आणि ज्यांचं आहे त्यांना कळवा.

स्वयंपाकासाठी द्यायचं तर आतून कल्हई हवीच. नाहीतर ताक, कढी, चिंचेचं वरण कळकतं आणि ते पोटात जाणं घातक आहे. काम नीट झालं की नाही हे भट्टीपाशी उभं राहून पाहता येतं. आधी भांडं आतून वाळूने घासून पूर्ण उघडं व्हायला हवं. मग ते तापवतात, नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर निघतो, कथलाची कांडी टेकवली की ती वितळते आणि कापसाच्या बोळ्याने कथील सगळीकडे फिरवतात. कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं. भांडं त्याहून फार जास्त तापलं तर कल्हई पिवळट-काळपट पडते. घासणी कमी झाली तर मधेमधे पितळ उघडं राहतं आणि तिथूनच कल्हई सुटायला लागते. म्हणून काम झाल्यावर आतली बाजू उजेडात तिरपी धरून बघा.

खरा धोका कथलात शिसं मिसळण्याचा. याची परीक्षा सोपी आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर कुरकुर आवाज येतो, शिशाच्या कांडीचा येत नाही. कांडी पांढऱ्या कागदावर ओढली आणि पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली तर शिसं जास्त आहे. हे विचारल्यावर चांगला कल्हईवाला रागावत नाही, उलट कांडी हातात देतो. चांगलं कथील महाग असतं, म्हणून या कामात घासाघीस करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. भेट देताना तोंडी सांगा: रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवायचं नाही, तारेच्या घासणीने घासायचं नाही, ढवळायला लाकडी डाव वापरायचा. आत पितळ पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई.

दुसरी वस्तू पायाने चालवायची शिलाई मशीन. गावातल्या मुलीसाठी, नव्या सुनेसाठी, शिवणकाम शिकून घरी बसलेल्या बाईसाठी याहून उपयोगी भेट आम्हाला माहीत नाही, कारण ही भेट पुढे घरात कमाई आणते. काळ्या रंगाचं, वर सोनेरी वेलबुट्टी असलेलं जुनं ओतीव मशीन सहसा मोडत नाही, फक्त जाम होतं. जाम होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घरातलं खोबरेल किंवा गोडं तेल. ते तेल काही महिन्यांत चिकासारखं घट्ट होतं. चाक फिरत नाही म्हणून मशीन भंगारात जातं. अशा मशीनच्या प्रत्येक तेलाच्या छिद्रात दोन-तीन थेंब रॉकेल सोडा, तासभर थांबा, चाक हाताने मागेपुढे हलवत सोडवा, निघालेली काळी घाण फडक्याने पुसा. हे दोन-तीनदा करा. मग मशीनचं पातळ तेल, छिद्राला एकच थेंब. जोर लावून चाक फिरवू नका. दातीखाली, म्हणजे सुईखालच्या कापड सरकवणाऱ्या दातेरी पट्टीखाली, अडकलेला दोरा आधी चिमट्याने काढा.

घेण्याआधी खालची दाती बोटाने चाचपा. टोकं गुळगुळीत झाली असतील तर कापड पुढे सरकणार नाही, दाती बदलावी लागेल. शटल, म्हणजे बॉबिनभोवती दोरा फिरवणारा भाग, काढून नखाने पाहा. ओरखडा लागला तर दोरा तुटत राहील. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, जागेवर आहे का ते पाहा, विकताना तीच हरवलेली असते. लाकडी फळीला वाळवी आणि ओतीव पायाला तडा आहे का तेही बघा. मग दुहेरी कापडावर एक वीतभर शिवण घाला. टाक्याच्या खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी आली तर वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, ढिलं आहे, किंवा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नाही. वरच्या बाजूला आली तर बॉबिन केसचा बारीक स्क्रू पाव फेऱ्याने कसा, एकदम जास्त नको. टाका सुटत असेल तर सुई वाकलेली किंवा उलटी बसवलेली आहे. सुईच्या ज्या बाजूला लांब खाच असते त्या बाजूने दोरा ओवायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात. भेटीबरोबर 14 आणि 16 नंबरच्या सुयांची पाकिटं, पाच बॉबिन, तेलाची बाटली आणि नवा चामडी पट्टा द्या. जुना पट्टा ढिला पडलेला असतोच.

घड्याळाचं थोडक्यात. एचएमटीने 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि केंद्र सरकारने 2016 मध्ये तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. हाताने चावी द्यायची 'जनता' किंवा 'पायलट' आजोबांना द्यायला उत्तम. मात्र बाजारात भडक निळ्या-लाल तबकड्यांची जी 'जुनी' घड्याळं मिळतात, त्यांतली बरीचशी रंगवलेली तबकडी आणि वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून केलेली असतात. जुनी तबकडी थोडी पिवळटलेली असली तरी तीच घ्या. पूर्ण चावी देऊन 24 तासांनी मोबाइलच्या वेळेशी ताडा. मिनिटभराचा फरक चालेल. रोज कित्येक मिनिटं पुढे जात असेल तर केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकामुळे चिकटली असण्याची शक्यता मोठी, आणि घड्याळ दुरुस्तीवाला ते चुंबकत्व काही सेकंदांत उतरवतो. पाण्यापासून जपायला सांगायला विसरू नका.

मुलांच्या सायकलीत रंगापेक्षा छर्रे बघा. मागच्या हबला साधारणपणे पाव इंची छर्रे दोन्ही बाजूंना 9-9 आणि पॅडलच्या धुरीला 11-11 असतात. जुन्यात चार नवे मिसळून काम भागवू नये. झिजलेले छर्रे बारीक झालेले असतात, सगळा भार नव्यांवर येतो आणि कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो निमुळता भाग, खराब होतो. सगळे एकदम बदलावेत, नवीन ग्रीस भरावं. हँडलखालच्या सांध्यावर रंगाला केसाएवढी चीर दिसली तर ती फ्रेम घेऊ नये, वेल्डिंग करूनही नाही. आणि विकणाऱ्याचं नाव व फ्रेम नंबर लिहिलेली पावती घ्यावी. चोरीची सायकल लेकराला भेट म्हणून जायला नको.

काही वस्तू जुन्या देऊच नयेत: हेल्मेट, कारण ते एकदा आपटलंय का हे बाहेरून कळत नाही, पाणी तापवायचा रॉड, रंगाचे पोपडे उडालेली लाकडी खेळणी, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि मूल ते तोंडात घालतं. जुन्या मूर्तीच्या वाटेलाही जाऊ नका. पुरावस्तूंसंबंधीच्या 1972 च्या केंद्रीय कायद्याने 100 वर्षांहून जुन्या मूर्तीचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

वेळेचा हिशेब असा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या रविवारपर्यंत वस्तू हातात असावी. पुढचे दोन आठवडे दुरुस्तीचे आणि शेवटचा आठवडा वापरून पाहण्याचा, कारण जे बिघडायचं ते पहिल्या चार दिवसांत बिघडतं.

आता ग्रामपंचायतींना एक विनंती. कल्हईवाले आमच्या बाजारांत कमी होत चालले आहेत, आणि जे येतात त्यांना धुराच्या कारणाने जागा मिळत नाही. डिसेंबरच्या चारही आठवडी बाजारांत भट्टीसाठी दहा बाय दहा फुटांची एक जागा राखून ठेवावी. ती कापडाच्या आणि खाण्याच्या दुकानांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि हातपंपाजवळ असावी, आणि त्या जागेची बाजार फी त्या महिन्यापुरती माफ करावी.

आपले,
आठवडी बाजारात जुन्या वस्तू दुरुस्त करणारे काही कारागीर
जि. अमरावती