मनूस, मैत्रिणीच्या लग्नाआधी

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो तू काढणार आहेस, हे आईकडून कळलं. खूप आनंद झाला. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितोय. इथे सुट्टीच्या दिवशी मी एका फोटोग्राफरच्या हाताखाली लग्नांना जातो, तिथेच हे शिकलो.

आधी विचारून घे, त्यांनी कुणी व्यावसायिक फोटोग्राफर ठरवलाय का? असेल तर त्याला भेट, त्याच्या आड येऊ नकोस. तू एकटीच असशील तर दुसरा कॅमेरा कुणाकडून तरी मागून आण. ऐनवेळी कॅमेरा बंद पडला तर विधी थांबत नाहीत.

लग्न ज्या वेळेला आहे, त्याच वेळेला आदल्या दिवशी हॉलवर जाऊन ये. खिडकीचा उजेड कुठवर पोचतो, दिवे कसे आहेत ते बघ. एलईडीखाली फोटोत पट्टे दिसले तर सायलेंट शटर (आवाज न करता फोटो काढायची सोय) बंद कर आणि शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१०० सेकंदावर आण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, म्हणून हा आकडा.

पट्टे येत नसतील तर बसलेल्या, बोलणाऱ्या माणसांना १/१२५ पुरतं, चालणाऱ्यांना १/२५० हवं. त्यापायी आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) ३२०० किंवा ६४०० करावा लागला तरी बिनधास्त कर. दाणे आलेला फोटो चालतो, हललेला चेहरा कशानेच दुरुस्त होत नाही. ग्रुप फोटोला लेन्सचं छिद्र एफ २.८ इतकं मोठं नको, मागची रांग धूसर होते, ५.६ किंवा ८ ठेव. फ्लॅश तोंडावर मारू नकोस. छत पांढरं आणि फार उंच नसेल तर फ्लॅश वर वळव. रंगीत छताचा रंग मात्र चेहऱ्यांवर उतरतो. आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढ, पिवळ्या दिव्यांचा रंग नंतर सावरता येतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मुख्य विधी झाला की सगळे कॅमेरे नवरा-नवरीवर रोखलेले असतात. तू दोन-तीन फोटो घे आणि लगेच मागे वळ. नवरीचे वडील चष्मा काढून डोळे पुसत असतात. काही सेकंदांतच चष्मा परत नाकावर चढतो आणि ते पाहुण्यांशी बोलायला लागतात. तो फोटो त्या घरात वर्षानुवर्षं बघितला जाईल. म्हणून प्रत्येक फोटोनंतर स्क्रीनकडे बघायची सवय सोड. तेवढ्यात असं काहीतरी निसटतं.

ग्रुप फोटोंची यादी नवरीकडून आधीच घे आणि नातेवाइकांना ओळखणाऱ्या एखाद्या खणखणीत आवाजाच्या माणसाला नावं पुकारायला लाव. म्हातारी माणसं पहिल्यांदा, त्यांना ताटकळत ठेवू नकोस. प्रत्येक ग्रुपचे चार-पाच फोटो घे, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच.

जास्तीच्या बॅटऱ्या आणि कार्डं खिशातच असू देत. कॅमेऱ्यातून एकही फोटो डिलीट करू नकोस. रात्री कितीही दमलीस तरी झोपण्याआधी दोन ठिकाणी कॉपी कर, एक प्रत दुसऱ्या घरी ठेव, आणि तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

हॉलवर जाऊन आलीस की तिथले चाचणीचे फोटो मला पाठव, उजेड बघून लेन्स कुठली लावायची ते सांगतो.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
दादा