सूचना : स्वयंपाकघराचं काम आणि राडारोडा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या सोमवारपासून ३०२ मध्ये स्वयंपाकघराचं काम सुरू होतंय. जुना ओटा, टाइल्स आणि मधली भिंत निघणार आहे. एक वीट साधारण ३ किलोची, म्हणजे दोनशे विटांचेच ६०० किलो झाले! म्हणून आधीच ठरवून घेऊ.

• फोडकाम सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६. रविवारी बंद.
• राडारोडा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत, पोतं अर्धंच भरून, जिन्यानं उतरवायचा. लिफ्ट वापरायची नाही.
• पोती मागच्या गेटजवळ ताडपत्रीवर ठेवायची. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी ट्रॅक्टर येईल. त्या वेळी तिथे गाड्या लावू नका.
• कडप्पा, सिंक, नळ वेगळे काढा. कडप्पा धड निघाला तर बागेतल्या बाकासाठी हवा आहे.

घमेली, थाप्या नहाणीत धुऊ नका, ही कळकळीची विनंती. मागच्या कामानंतर चेंबर उघडलं, तर सिमेंटचा दगड झाला होता. छिन्नीनं फोडावा लागला.

घंटागाडीत राडारोडा टाकायचा नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीही तो वेगळा ठेवण्याची जबाबदारी काम काढणाऱ्यावरच टाकली. ट्रॅक्टरवाल्याला पैसे देताना ट्रॉली कुठे रिकामी करणार, हे विचारून घ्या. ओढ्याकाठी किंवा शेरीनाल्यात अजिबात नको. २०१९ ला सांगलीत पाणी कुठवर चढलं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तळमजल्यावरच्या आजींना धुळीचा त्रास होतो, तेव्हा फोडण्याआधी पाणी मारा.

– सचिव