मज्जासंस्थेचा धडा हाताने शिकू द्या: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. बारावीला प्रात्यक्षिकाचे 30 गुण असतात. तरी मज्जासंस्था आमच्या मुलांपर्यंत पोचते ती तक्त्यावरून आणि एकमेकांच्या जर्नलमधून उतरवलेल्या आकृत्यांमधून.

एकाने पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची, हा प्रयोग तर फुकट होतो. 20 सेंटिमीटरवर पकडली तर डोळा, मेंदू आणि हात यांना मिळून सुमारे 0.2 सेकंद लागले, हे मुलं स्वतः काढतात. पुढचा प्रयोग आम्ही एका छोट्या ॲम्प्लिफायरवर केला; स्नायूतले विजेचे बारीक संकेत तो मोठे करून ऐकवतो. ईसीजीला लावतात तशा दोन पट्ट्या कोपराखालच्या स्नायूवर, तिसरी मनगटाच्या हाडावर. मूठ आवळली की स्पीकरमधून खरखर येते, सैल सोडली की थांबते. यंत्र 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. अंगाला तारा असताना घरच्या विजेला जोडायचंच नसतं, आणि लाइट गेली तरी तास बुडत नाही.

ती खरखर ऐकून एका मुलीने विचारलं, "सर, फवारनी करून आल्यावर बाबाच्या डोळ्याजवळ फडफड होत होती, थे हेच का?"

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर बंद पाडतात. मग मज्जातंतूने स्नायूला दिलेला निरोप पुसलाच जात नाही. स्नायू फडफडतात, लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, शेवटी श्वास थांबतो. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. ज्या पोरांच्या घरी पाठीवरचा पंप आहे, त्यांच्यासाठी हा धडा केवळ परीक्षेपुरता नाही. फडफड हे धोक्याचं लक्षण आहे, लगेच कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि दवाखाना गाठायचा, हे त्यांनी घरी जाऊन सांगायला हवं.

माझी मागणी अशी: प्रत्येक तालुक्याला असा एक संच द्या, तो आळीपाळीने महाविद्यालयांत फिरेल. शिक्षकांचं प्रशिक्षण प्रत्यक्ष यंत्रावर घ्या, सभागृहातल्या भाषणांत नको. आणि हा प्रयोग प्रात्यक्षिक परीक्षेच्या यादीत घाला. यादीत नसलेलं काही आमच्याकडे कपाटाबाहेर निघत नाही, हे मी रोज बघतो.

संच जूनमध्ये हाती आले, तर कपाशीवरची फवारणी जोरात सुरू व्हायच्या आत हा धडा घेता येईल.

आपला,
एक जीवशास्त्र शिक्षक