फलकावर 'पाणकावळा' लिहा

महोदय,

आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावावर पक्ष्यांच्या माहितीचा फलक लागला, याचा आनंद आहे. पण त्यावर 'लिटल कॉर्मोरंट' एवढंच लिहिलंय, तेही देवनागरीत. पाणकावळा हे नाव कुठेच नाही. शाळेतली पोरं ते अडखळत वाचतात आणि समोर वाळक्या खोडावर पंख पसरून बसलेल्या पक्ष्याशी त्याचा मेळ काही लागत नाही.

खरं तर त्या परक्या नावाच्या पोटातही कावळाच आहे. लॅटिनमधला 'कॉर्वस मरीनस', म्हणजे समुद्रकावळा, जुन्या फ्रेंचमधून घासत घासत 'कॉर्मोरंट' झाला. या कुळाचं शास्त्रीय नाव ज्या ग्रीक शब्दांवरून पडलं, त्यांचा अर्थ 'टकला डोमकावळा'. आपल्या संस्कृतात तो जलकाक. समुद्रकाठच्या माणसांना जे दिसलं, तेच समुद्र कधी न पाहिलेल्या आमच्या आजोबांच्या तोंडीही होतं!

कुळाने मात्र तो कावळा नाही. त्याच्या पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली असतात, म्हणून तर बुडी मारून तो पाण्याखाली मासोळीचा पाठलाग करतो. पिसं भिजतात, मग उन्हात पंख वाळवत बसतो. फलकावर हे दोन ओळींत सहज मावलं असतं.

पुढच्या वेळी फलक रंगवताना 'पाणकावळा' आधी आणि ठळक अक्षरांत लिहावं, ही संबंधितांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया