लायटिंगला डीजे लागत नाही, पखवाज पुरतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की लायटिंगबद्दल तुमच्याकडे पत्रं येतात, बहुतेकांची तक्रार एकच, लायटिंग आली की डीजे येतो आणि भजन मागे पडतं. तक्रार खरी आहे, पण उपाय घरात बनू शकतो हे मला सांगायचंय.

मी देवगड तालुक्यातला. गेल्या चतुर्थीला मी आणि नववीतला भाचा, आम्ही आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेटीचा लाइट बॉक्स केला, आत ६० एलईडींची पट्टी, समोर ताणून बटर पेपर (२०१८ ला थर्माकोल बंद झाल्यापासून आरास कशाची करायची हा प्रश्न असतोच). मखराच्या बाजूला ठेवला. भजनाला पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीवर थाप पडली की पेटीचा खालचा भाग लाल व्हायचा आणि झांजा वाजल्या की वरच्या बाजूला पांढरं चमकायचं. माइकची गेन (बारीक आवाजही पकडायची ताकद) वाढवता येते, त्यामुळे आवाज वाढवावा लागत नाही, बुवा बिनमाइकचे गायले तरी दिवे ऐकतात. एवढं एकच कळलं तरी अर्ध्या मंडळांचे स्पीकर खाली येतील.

आत फार काही नाही. वाटाण्याएवढा कंडेन्सर माइक, त्याच्यातून काही मिलिव्होल्टच मिळतात म्हणून एक ॲम्प्लिफायर, आणि पुढे आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, तो व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यात मोजतो. शांत असताना आकडा ५१२ च्या आसपास, भाच्याने टाळी वाजवली तो ८०० च्या वर गेला, मग तो पंधरा मिनिटं टाळ्याच वाजवत बसला. १० के (दहा हजार ओहम) चा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की साधारण १६० हर्ट्झच्या (सेकंदाला १६० कंपनं) वरचा आवाज कमी कमी होत जातो आणि घुमारा राहतो. आम्ही मोबाइलवरचं भजन त्यातून सोडून छोट्या स्पीकरवर ऐकलं तर भाचा म्हणतो, "मामा, झांज खंय गेली?" रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या जागा उलट्या करून लहान कपॅसिटर घातला, झांज परत आली. ध्वनीचा धडा त्याने पाठ केलेला, पण फ्रिक्वेन्सी म्हणजे काय हे त्याला त्या संध्याकाळी कळलं.

चुकाही झाल्या. पहिल्यांदा १ ॲम्पिअरचा जुना मोबाइल चार्जर लावला, पूर्ण पांढरा लावला की एक एलईडी ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो म्हणजे ६० एलईडींना साडेतीनच्या वर ॲम्पिअर, साहजिकच दिवे पिवळे पडले आणि आर्डुइनो पुन्हापुन्हा बंद चालू व्हायला लागला. ५ व्होल्ट ४ ॲम्पिअरचा अडॅप्टर लावल्यावर थांबलं. आणि आपली खारी हवा, महिन्याभरात सोल्डरने (डाख देऊन) जोडलेल्या जागा हिरव्या पडल्या, तेव्हापासून साफ करून वर बहिणीचं नेलपॉलिश मारतो.

माझं दुखणं पुढे आहे. भाच्याच्या शाळेत सोल्डरिंग आयर्न आहे पण कपाटात कुलुपात, मुलांचा हात भाजेल म्हणून. विज्ञान प्रदर्शनाला मग विकत आणलेले किट मांडले जातात आणि बक्षीसही त्यांनाच मिळतं. मुलांच्या हाताला काहीच लागत नाही. आम्हाला साधा माइक हवा होता तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायला चाकरमान्याची वाट बघावी लागली, तालुक्याच्या बाजारात मिळाला नाही.

प्रत्येक हायस्कूलच्या प्रयोगशाळेत एक टेबल, दोन सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि शनिवारचे दोन तास, एवढीच मागणी आहे. सर्किट ५ व्होल्टवर चालतं, त्याला हात लावायला शॉकची भीती नाही, आयर्न धरायला तासाभरात शिकवता येतं. शिकवायला बाजारातले टीव्ही मिक्सर दुरुस्त करणारे आहेत, त्यांना बोलावलं तर ते आनंदाने येतील. आमच्या भागातली कुठलीही शाळा तयार असेल तर पहिल्या शनिवारपासून मी येतो, आयर्न आणि पेटी दोन्ही घेऊन.

आपला,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग