माउस न धरलेल्या हातांची परीक्षा

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क खुल्या वर्गाला १००० रुपये, राखीव वर्गाला ९००. माझ्या पुतणीनेही अर्ज भरला होता. अभ्यास सगळा मोबाइलवर, रेंजसाठी गच्चीच्या कोपऱ्यात बसून. परीक्षा मात्र संगणकावर! केंद्रात जाईपर्यंत तिने माउस कधी हातात धरला नव्हता. पहिली दहा मिनिटे पडद्यावरचा बाण शोधण्यातच गेली. पोरगी हुशार आहे. हे काका म्हणून नव्हे, तिचा गणिताचा शिक्षक म्हणून सांगतो. पुढची जाहिरात निघण्याआधी शासनाने याच शुल्कातून प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात चार संगणक ठेवावेत आणि सराव परीक्षा मोफत घ्यावी.

– एक निवृत्त शिक्षक, अकोले (जि. अहिल्यानगर)