सावरते की सावरावं लागतं?

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाची प्रश्नावली वाचली. माणूस संकटातून किती सावरतो हे मोजणारी, कॉनर आणि डेव्हिडसन यांची 2003 सालची. 25 विधानं, प्रत्येकाला शून्य ते चार, म्हणजे जास्तीत जास्त शंभर गुण. आमच्या भागातल्या भूकंपग्रस्तांना ती विचारू का, असं तू फोनवर म्हणालीस. विचार गं, जरूर विचार. पण त्याआधी तुझ्या आजीची, माझ्या आईची, गोष्ट ऐक.

30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. मी चौदा वर्षांची होते. तुझा मोठा मामा तेव्हा गेला, हे तुला ठाऊक आहे. चौथ्या दिवशी आजीनं तीन दगड मांडून भाकऱ्या थापल्या आणि शेजारच्या पोरांनाही वाढल्या. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. तुझ्या प्रश्नावलीत तिला नव्वद तरी पडले असते.

तीच आजी आधी पत्र्याच्या शेडमध्ये आणि पुढे नव्या गावातल्या घरात एकही रात्र आत झोपली नाही. घर भूकंपात टिकेल असं बांधलंय, हे इंजिनिअरनं समजावलं होतं. तरी अंगणातच. पावसात ओसरीला, दाराकडे पाय करून. अकरा वर्षं, शेवटपर्यंत.

म्हणून म्हणते, एकटा तो आकडा लिहू नकोस. संसार उभा करणं आणि आतली भीती जाणं, या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. झोपेचं, दचकण्याचं स्वतंत्र विचार. तिला कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. ते मला आजही लागतं.

आणि भाषेकडे लक्ष दे. 'संकटातून लवकर सावरता का?' असं विचारलंस तर आमच्याकडच्या बाया म्हणतील, 'सावरावं लागतंय की, माय.' तिथे चार गुण देऊ नकोस. 'सावरते' आणि 'सावरावं लागतं' यांत फार अंतर आहे. ते उत्तर जसंच्या तसं समासात लिही. हाताशी कोण होतं, तेही विचार. मला शाळेतल्या बाईंनी बोलतं केलं, नाहीतर मी वर्षभर गप्पच होते.

मलाही प्रश्नावली पाठव, दोन प्रती. एक आत्ता भरते, दुसरी 30 सप्टेंबरला.

तुझी,
आई